चढतानाचे बाण

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

जय भीम.

पत्र बघून तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, अतुलने केला तर उचलत नाहीस, आणि मेघावहिनींना मधे घालावं तर त्या बिचाऱ्या "सांगते त्यांना" म्हणतात आणि विषय तुमच्या सोसायटीच्या लिफ्टवर नेतात. मग राहिलं काय, तर पोस्ट. काल पाकीट आणायला गेले आणि तिथेच तुझं नाव घातलं, तर काउंटरवरच्या बाईंनी ते वाचून विचारलं, "राखी राहिली होती का, मॅडम?" मी म्हटलं, नाही, भांडण राहिलं होतं.

तर भांडायलाच लिहिते आहे.

गुरुवारी धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. बुद्ध लेणीवर जायचं म्हणून बाबा सकाळी सातला पांढरा सदरा घालून तयार. आठला मी म्हटलं, चला, गर्दी व्हायच्या आत जाऊन येऊ. म्हणाले, "थांब जरा. चाकणहून यायचं म्हणजे वेळ लागतोच." तू येणार असं तुला कुणी विचारलं होतं? नाही. तू कुणाला सांगितलं होतंस? नाही. तरी हा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून अकरापर्यंत रस्त्याकडे बघत बसला. शेवटी मी रिक्षा बोलावली तेव्हा उठले. लेणीवर उन्हात उभं राहून पाय सुजला. घरी आल्यावर गरम पाण्याच्या बादलीत पाय मीच धरून बसले होते. तू नव्हतास.

१० नोव्हेंबरला बाबा डोंगरावर पडल्याला वर्ष होईल. या वर्षात बाबांच्या घोट्यात पट्टी आणि सहा स्क्रू बसले, प्लास्टर निघालं, वॉकर आला, वॉकर गेला, काठी आली. मार्चमध्ये मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. एवढं सगळं होताना तू एकदा या घराचा जिना चढला नाहीस. वहिनींच्या हातून डाळिंबं पाठवलीस. डाळिंबं सोलायलासुद्धा मीच.

आता कामाचं. बाबांनी ठरवलं आहे की या दिवाळीच्या सुट्टीत वेरूळच्या त्या डोंगराच्या टोकावर जायचं, दरवर्षीसारखं. मी नको म्हणून पाहिलं. ते परस्पर डॉक्टरांना विचारून आले. फेब्रुवारीत स्क्रू काढायचे आहेत, नंतर पाय कसा साथ देईल ते सांगता येत नाही, तेव्हा जायचंच असेल तर आत्ता, दमादमाने जा, असं डॉक्टर म्हणाले. रविवार, २ नोव्हेंबर. कॅलेंडरवर त्यांनी गोल केला आहे. पण एक अट घातली आहे, आणि त्या अटीने माझं डोकं उठलं आहे. राजेंद्र आला तरच. "कंडक्टरशिवाय गाडी सुटत नाय," म्हणाले.

बाबांची एस.टी.तली बत्तीस वर्षं संपून पंधरा वर्षं झाली, पण डोंगरावर अजून तीच ड्युटी चालू आहे. पुढे चालेल तो ड्रायव्हर, शेवटचा तो कंडक्टर. शिट्टी कंडक्टरच्या गळ्यात. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आणि कंडक्टरच्या मागे कुणीही, कधीही राहायचं नाही. आपल्या घरात देवधर्म नाही, उपासतापास नाही, नियम म्हणून काय तो हा एकच. तो एकच नियम तू मोडलास. बाबांना टोकावर सोडून खाली आलास. आणि आजही त्यांना कंडक्टर म्हणून तूच हवास. ज्या बाईने वर्षभर त्यांचं सगळं केलं ती चालत नाही. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

येणार की नाही, एवढं कळव. पोस्टकार्डावर कळवलंस तरी चालेल.

विशाखा


देवगाव रंगारी,
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

दादा,

दहा दिवस झाले. स्पीड पोस्ट तुला सात तारखेलाच मिळालं, मी नंबर टाकून बघितलं. सही वहिनींची आहे. म्हणजे पत्र घरात आहे आणि तू ते न वाचल्याचं सोंग करतो आहेस.

शाळेत बसून लिहिते आहे. उद्यापासून सुट्टी. मुलं अकरालाच पळाली, आणि आम्ही चार जण सत्राच्या माहितीचे तक्ते ऑनलाइन भरतो आहोत. नेट दर पाच मिनिटांनी जातं आणि भरलेलं सगळं घेऊन जातं. तिसऱ्यांदा भरते आहे. वर हेडमास्तर रामकिसन सर विचारून गेले, "मॅडम, सुट्टीत कुठं यंदा? डोंगर का?" सगळ्या शाळेला माहीत आहे की गेल्या वर्षी डोंगरावर काय झालं. तरी विचारतात. किंवा म्हणूनच विचारतात.

तुझ्या मनात काय चाललं असेल ते मला ठाऊक आहे. तू म्हणशील, खाली मी आपल्या मनाने आलो नाही, विशूनेच हाक मारली. मारली. नाही म्हणत नाही. संस्कृतीचा पाय मुरगळला होता. माझी तेरा वर्षांची पोर, तिला उतरवून न्यायला कुणी हवं होतं, अतुल दोन सॅक घेऊन पार पुढे गेला होता. पण मी तुला बाबांना टाकून ये असं म्हटलं नव्हतं. बाबा टोकाखालच्या त्या अर्धवट लेण्यात बसले होते, दरवर्षी बसतात तसे. आई होती तेव्हा दोघं बसायचे, आता एकटे बसतात. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता. तू वरून ओरडून विचारलंस, "बाबा आहेत अजून, थांबू का?" यावर मी काय बोलले ते तुला आठवतं, मलाही आठवतं. "खुणा आहेत ना, येतील ते."

कारण खुणा होत्याच. एकतीस बाण, दादा. त्याच्या आधीच्या वर्षी गवतात वाट हरवून आपण दोन तास काटे काढत बसलो होतो, म्हणून मी मुद्दाम एक रविवार मोडला. शाळेच्या भिंती रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट आणि दोन इंची ब्रश घेऊन एकटी चढले, आणि पायथ्यापासून टोकापर्यंत दर वळणाला बाण काढला. एकसारखे, ठळक, फळ्यावर काढावेत तसे. तू त्या दिवशी चढताना प्रत्येक बाणाला थांबून "गुरुजींना नमस्कार" म्हणत होतास. "सुविचार राहिला की गं खाली लिहायचा" म्हणालास. सगळे हसले. मीही हसले. पण त्याच बाणांवरून तू चढलास, एकदाही न चुकता.

बाबांना ते दिसले नाहीत, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हे मी तेव्हापासून सांगते आहे. खुणांत खोट नव्हती. शिट्टी ज्याच्या गळ्यात होती तो जागेवर नव्हता. बाबा दुफाट्याला चुकीच्या बाजूला वळले, घळीत घसरले, घोटा मोडून तीन तास दगडाला टेकून पडून राहिले. तू शिट्टी फुंकत वरखाली करत होतास, आणि शेवटी ते सापडले कुणाला, तर शेळ्या घेऊन येणाऱ्या भागूबाईला.

दवाखान्यात मी बोलले ते रागात बोलले. सगळे नातेवाईक उभे होते, हेही खरं. पण जे बोलले त्यात चूक काय होतं? तू मान वर करून एक शब्द बोलला नाहीस. शिट्टी गळ्यातून काढलीस, बाकावर ठेवलीस आणि गेलास. पुढच्या महिन्यात वाळूजहून चाकणला बदली मागून घेतलीस. निदान भांडला असतास तरी बरं वाटलं असतं मला.

शनिवारी मी एकटी टोकावर जाऊन येणार आहे. गवत किती वाढलं आहे, बाबांना कुठे कुठे बसवता येईल, ते बघते. तू येवोस न येवोस, तयारी मलाच करायची आहे.

नेट आलं. ठेवते.

विशाखा


छत्रपती संभाजीनगर,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल जाऊन आले. पोटऱ्या भरून आल्या आहेत, हातावर ओरखडे आहेत, आणि मन इतकं चिडलेलं आहे की कुणावर ते ठरवता येत नाही. म्हणून तुलाच लिहिते.

अतुलने सातला पायथ्याशी सोडलं. तो वेरूळमध्ये मित्राकडे थांबला. गवत कमरेएवढं आहे, पण वाट स्वच्छ कळली. पहिला बाण ओढ्याच्या दगडावर, दुसरा पळसाखाली. उन्हापावसाने जरा पिवळे पडलेत, पण एकतीसच्या एकतीस जागेवर. मी प्रत्येकाला हात लावत चढले. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. पाऊण वाटेवर मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडण जिंकलंसुद्धा होतं.

टोकावर तर जत्राच. शहरातून आलेली पंधरा-वीस पोरं, मोठा स्पीकर, गाणी. एक जण कड्यावर उभा राहून हात पसरतो, दुसरा मोबाइल धरून "अबे थोडा पीछे हो" म्हणतो. मागे हो म्हणे, मागे दोनशे फूट दरी. मी शाळेतल्या आवाजात ओरडले तेव्हा कुठे पुढे सरकले. लेण्यात वेफर्सची पाकिटं. आईबाबांच्या बसायच्या जागेवर कुणीतरी कोळशाने बदाम काढून ठेवलाय. ओढणीने पुसला. निघाला नाही, पसरला. भाकरी आणि ठेचा नेला होता, दोन घासही गेले नाहीत. उठले आणि उतरायला लागले.

आता ऐक. हसायचं असेल तर हस.

उतरताना मला एकही बाण दिसेना.

आधी वाटलं ऊन डोळ्यावर येतंय. मग वाटलं, गवतात झाकले गेले. दुफाट्याला येऊन उभी राहिले. दोन्ही वाटा सारख्याच, दोन्हीकडे दगड, दोन्हीकडे गवत. मी स्वतः तिथे बाण काढलाय, दादा, एवढा मोठा, विसाव्या नंबरचा. दिसेना. डावीकडे वळले. शंभर पावलं गेले आणि वाट सरळ खालीच सुटली, मुरूम पायाखालून निसटायला लागला. एका बोरीला धरून बसले. बोरीला काटे असतात हे नंतर आठवलं. खालून आवाज आला, "ओ बाई, कुठं निघाल्या? ती वाट नाय, पाण्याची घळ हाय ती."

भागूबाई. तीच. तिने मला ओळखलं. शेळ्या सोडून वर आली आणि हाताला धरून पुन्हा दुफाट्यावर घेऊन गेली. मी म्हटलं, मावशी, माझे बाण कुणी पुसले? मग माझा खांदा धरून तिने मला त्या दगडाच्या खालच्या अंगाला नेलं आणि वळवलं. समोर बाण. पांढरा, ठळक, एकसारखा.

"तुमच्या खुणा लई चांगल्या हायेत," ती म्हणाली. "पण त्या खालून चढणाऱ्याच्या तोंडाम्होरं. वरून येणाऱ्यानं काय दगडाला वळसा घालून बघायचं का?"

मी चढत चढत रंगवले होते. उभी राहिले की समोर जो दगड दिसेल त्यावर बाण, जसा फळा समोर असतो तसा. टोकावर पोचेपर्यंत रंग संपला, आणि मी मागच्या पायऱ्यांनी देवळाकडे उतरून बसने घरी आले. या वाटेने मी एकटी कधी उतरलेच नव्हते. एकतीस बाण, आणि सगळे वर जाणारे. खाली येणाऱ्यासाठी एक नाही.

भागूबाई तिथेच टेकली. म्हणाली, "गेल्या साली त्या बाबाला बी असंच झालं. मी ईचारलं, इकडं कशाला आलात? तं म्हणला, लेकीनं बाण काढलेत, ते हुडकतो हे."

लेकीने बाण काढलेत.

बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही. "खुणा दिसल्या नाय," एवढंच म्हणाले होते. त्यावर मी सगळ्या घरासमोर म्हटलं, डोळे तपासा यांचे. मोतीबिंदू होता, नाही असं नाही. पण मार्चमध्ये दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन ते पडले होते तेव्हा हिरवी पट्टी वर करून थेंब टाकता टाकता मी त्यांना काय म्हटलं माहीत आहे? "आता दिसतील बरं का माझे बाण." ते म्हणाले, "व्हय, आता दिसतील."

हे सगळं तुला लिहायला हवं म्हणून लिहिलं. खुणांत खोट होती. माझी होती. पण एवढ्यावरून तू सुटलास असं समजू नकोस. खुणा चुकल्या म्हणून तर मागे माणूस असतो. तू थांबायला हवं होतंस.

विशाखा


छत्रपती संभाजीनगर,
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

दादा,

मागचं पत्र टाकून आले तेव्हा वाटलं होतं, झालं, बोलून टाकलं, आता झोप लागेल. लागली नाही. कारण बोलून टाकलं नव्हतं.

परवा जेवताना मी अतुलला बाणांची गोष्ट सांगत होते. जरा तिखटमीठ लावून, भागूबाईची नक्कल करून. अतुल हसला. संस्कृती ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "मम्मी, मग त्या दिवशी पण तुला बाण दिसला नसेल ना? म्हणून तू मामाला बोलावलंस?"

अतुल म्हणाला, "नाही गं, तुझा पाय मुरगळला होता."

ती म्हणाली, "माझा पाय कुठे मुरगळला होता?"

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. भांडण नाही, तक्रार नाही. उत्तर चुकलंय म्हणून वर्गात सांगावं तसं. एक वर्ष पोरीने ते पोटात ठेवलं होतं, आणि मी तिला विचारलंही नव्हतं की तुझ्या नावावर मी काय खपवलंय ते तुला चालेल का.

तर आता नीट सांगते. दोन वेळा पत्र फाडलं, हे तिसरं.

त्या दिवशी मी दुफाट्याला आले, तेव्हा मला माझा बाण दिसला नाही. अतुल पुढे निघून गेला होता, मागे वळून बघत नव्हता. मी आणि संस्कृती तिथे उभ्या. मला उजवी की डावी हे कळेना. ज्या बाईने आठ दिवसांपूर्वी तिथे बाण काढला, तिला. वरून तू येत होतास. तुला मी काय सांगणार होते? की गुरुजींची वाट चुकली? सकाळपासून तू प्रत्येक बाणाला नमस्कार केला होतास. तुझं ते हसू मला नको होतं. दुसरं काही कारण नाही, दादा. फक्त तुझं हसू नको होतं.

म्हणून मी ओरडले, संस्कृतीचा पाय मुरगळलाय, लवकर ये. तू विचारलंस, बाबांसाठी थांबू का. आणि मी म्हटलं, खुणा आहेत ना. ज्या खुणा मला स्वतःला त्या क्षणी दिसत नव्हत्या, त्यांच्या भरवशावर मी बाबांना ठेवलं. तू आलास, तिची सॅक घेतलीस, उजवीकडची वाट धरलीस आणि आम्हाला उतरवलंस. खाली पोचल्यावर तू मागे वळायच्या आत मी तुला पाणी दिलं. आठवतं? तहान लागली असेल म्हणून नाही दिलं. तू काही विचारू नयेस म्हणून दिलं.

आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यात, काका-काकू, सखाराम मामा, सगळ्यांसमोर, "शिट्टी तुझ्या गळ्यात होती" असं मी तुला म्हटलं. मला आवाज चढवावाच लागला. नाहीतर कुणीतरी विचारलं असतं, तो खाली का आला.

तू तेव्हा सांगू शकला असतास. विशूनेच बोलावलं, पोरीचा पाय दुखत होता. चार शब्दांत सुटला असतास. तू पोरीचं नाव घेतलं नाहीस. दुखऱ्या पायाच्या पोरीवर ढकलायचं नाही म्हणून गप्प बसलास, असं मी धरून चालले. आणि तुझ्या त्या चांगुलपणाचाच मी वर्षभर वापर केला. तू गप्प, म्हणजे मी खरी.

काल सकाळी बाबांना सांगितलं. ते गॅलरीत पेपर वाचत होते, आता चष्म्याशिवाय वाचतात. मी सगळं सांगितलं, दुफाट्यापासून. मधे थांबले नाही. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मला वाटलं, रागावतील. मला ते रागवायला हवे होते. मग म्हणाले, "शिट्टी कुठंय?"

मी म्हटलं, माझ्या कपाटात. बाकावरून मीच उचलली होती.

म्हणाले, "ज्याची त्याला दे. लई दिवस ठेवलीस." आणि उठून आत गेले. दुपारी जेवायला बसले, पण माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी चहा मागितला तो संस्कृतीकडे. आजही तेच. तू एक वर्ष कसं काढलंस, दादा? मला दोन दिवस निघेनात.

शिट्टी या पाकिटात घातली आहे. जुनी पितळी, वरचा दोरा तोच आहे. सकाळी पाकीट आणायला गेले तेव्हा पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय घालणार? मी म्हटलं, शिट्टी. त्यांनी मान हलवली, या बाईचं काही खरं नाही अशी.

पांढरा रंग आणला आहे. २ तारखेला चढताना प्रत्येक दगडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूलाही बाण काढीन. तू आलास किंवा नाही आलास तरी. तू आला नाहीस तर बाबा येणार नाहीत, मग मी एकटीच जाऊन काढीन.

माफ कर असं लिहायला हात वळत नाही. लिहिलं तर तू ते पत्राच्या शेवटी लिहायची पद्धत म्हणून वाचशील. समोर येशील तेव्हा म्हणेन, बाबांच्या आणि संस्कृतीच्या समोर. दवाखान्यात जे होते त्या सगळ्यांना मी फोन करते आहे. सखाराम मामांना झाला. ते म्हणाले, "आता काय त्याचं, झालं गेलं." मी म्हटलं, मामा, झालं असेल पण गेलं नाही, तेव्हा ऐकून घ्या. ऐकलं त्यांनी. काका-काकू उद्या.

तुझी,
विशू


चाकण,
बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५

विशू,

जय भीम.

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचली आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. तिसरं मेघाला वाचून दाखवलं. चौथं दाखवलं नाही.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. जेवढं आहे तेवढं लिहितो.

संस्कृतीच्या पायाचं मला त्याच दिवशी कळलं होतं. पोर माझ्यापुढं दगडावरून दगडावर उड्या मारत उतरली. मुरगळलेल्या पायाने असं कुणी उतरत नाही. तू पाणी दिलंस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघितलं होतं. तुला वाटलं, मी विचारायचा राहिलो. मी मुद्दाम विचारलं नाही.

दवाखान्यात बोललो नाही त्याचं कारण चांगुलपणा नाही. मी काही बोललो असतो तर कुणीतरी पोरीला पुढं ओढून विचारलं असतं, बोल, दुखत होता का पाय? तिला सगळ्यांसमोर आईला खोटं पाडावं लागलं असतं, नाहीतर मामाला. तेरा वर्षांच्या लेकराला हे करायला लावायचं नव्हतं. म्हणून उठून गेलो. बदली मात्र रागाने घेतली, तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. तो राग अजून आहे. पत्राने थोडा कमी झाला, गेला नाही. जाईल असं वाटतं, पण तारीख सांगू शकत नाही.

आणि एक. कारण खोटं होतं, पण बाबांना मागं ठेवून मी खाली आलो हे खरंच आहे. कंडक्टर मी होतो. कुणी कितीही हाका मारल्या तरी हलायचं नसतं. ते तुझ्या चार पत्रांनी पुसलं जात नाही, आणि तू पुसूही नकोस. दसऱ्याला बाबा गॅलरीत बसले होते हे वाचलं त्या दिवशी मी शिफ्टला गेलो नाही.

शनिवारी संध्याकाळी निघतो. रात्री वाळूजला जुन्या कंपनीतल्या गोकुळकडे राहीन, घरी येणार नाही. घरी डोंगरावरून उतरल्यावर बाबांबरोबर येईन. रविवारी साडेसहाला पायथ्याशी. बाबांना चढायला तीन तास धर. टोकापर्यंत नाही जमलं तर लेण्यापर्यंत. रंग त्या दिवशी आणू नकोस, वासाने त्यांना खोकला येतो. बाण आपण दोघं पुढच्या रविवारी जाऊन काढू. खालच्या बाजूचे तुझे ठीक आहेत. वरच्या बाजूचे मी काढतो, वाकडे येतील.

काका-काकूंना फोन करून झाला असेल तर बाकीच्यांना नको. बास झालं.

शिट्टी बरोबर आणतो, पण मी घालणार नाही. बाबांना मी समजावतो. तू सगळ्यात मागं राहा. बाबा मधे, मी पुढं. शिट्टी तुझ्या गळ्यात.

वाट दिसली नाही की एक शिट्टी दे. मी थांबेन. कारण सांगायची गरज नाही.

राजेंद्र